पांढऱ्याची झाक

नमस्कार श्रोतेहो.

घटस्थापना जवळ आली, की रंगाच्या दुकानांत गर्दी वाढते. पावसाची ओल सुकलेली असते आणि दिवाळीच्या आत घर रंगवून व्हायला हवं असतं. बहुतेक घरांत हॉलपुरता निर्णय एका वाक्यात होतो, ‘साधा पांढरट काहीतरी घेऊ.’ मग शेडकार्डाचं ते पान उघडतं. एकासारखे एक फिकट चौकोन. अर्धा तास बघूनही फरक कळत नाही, आणि कंटाळून आपण त्यातल्या एकावर बोट ठेवतो.

तिथेच थोडं थांबा, असं मला आज मनापासून सांगायचं आहे. गडद रंग निवडताना फारशी फसगत होत नाही, कारण विटकरी हा विटकरी दिसतो. फसगत या फिकट रंगांतच होते. त्यांचा खरा रंग लपलेला असतो. रंगारी त्याला झाक म्हणतात. ‘ताई, हा हिरवा मारतोय,’ असं ते सहज बोलून जातात आणि आपल्याला तर समोर पांढराच दिसत असतो.

आपल्या भाषेला ही झाक फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सायीचा रंग, हस्तिदंती, बदामी, मोतिया, राखाडी. हे सगळे पांढऱ्याच्या आसपासचेच, पण साय पिवळ्याकडे झुकते आणि राख निळ्याकडे. आमच्या आजोळी भिंतींना चुना लावत, तेव्हा त्यात चिमूटभर नीळ घालत. चुन्याचा पिवळटपणा त्या निळीने मरायचा आणि भिंत शुभ्र दिसायची. चिमूट मोठी झाली, की तीच भिंत निळी मारायची. सगळा खेळ त्या चिमटीचा असे.

आज ती चिमूट दुकानातलं मशीन घालतं. पांढऱ्या बेसमध्ये काळ्याचे थोडे थेंब, पिवळ्या ऑक्साइडचे थोडे, कधी लाल ऑक्साइडचे. पांढऱ्यात नुसता काळा मिसळला, तर येणारा राखाडी निळसर दिसतो. त्यात पिवळा वाढवला, की तो मातीकडे वळतो आणि लाल वाढवला, की गुलाबी होतो. झाक ओळखायची एक साधी रीत आहे. कोरा पांढरा कागद घ्या आणि त्यावर दोन शेड शेजारी शेजारी ठेवा. एकेकटी बघितली तर दोन्ही पांढरी वाटतात. कागदावर ठेवली, की एक पिवळी आणि एक जांभळट निघते. आणखी एक, कार्डाच्या त्याच पट्टीवरची सगळ्यात गडद शेड बघा. बहुतेक वेळा फिकट शेडचं गुपित ती सांगून टाकते.

हे सगळं मी शिकले ते आमच्या पुण्याच्या घरी, एकदा चुकल्यावर. हॉलची मोठी खिडकी उत्तरेला. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली मला एक राखाडी पांढरा अगदी मोत्यासारखा वाटला. भिंतीला दोन हात झाले आणि दुपारी बघते तर खोली थंड, निळसर, दवाखान्यासारखी. कारण उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो. रंगात आधीच निळी झाक होती, ती या उजेडात फुलून आली. हाच रंग पश्चिमेच्या खोलीत, संध्याकाळच्या उन्हात, मऊ दिसला असता.

पण आई म्हणत होती, ‘अगं, छान सायीसारखा तर आहे!’ मला वाटलं, ती माझं मन राखते आहे. पुढे तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डावा अजून व्हायचा होता. एका सकाळी ती सोफ्यावर बसून आधी एक डोळा मिटी, मग दुसरा. मला हाक मारून म्हणाली, ‘या डोळ्याने भिंत निळी दिसते आणि त्या डोळ्याने पिवळी.’ वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून नवं स्वच्छ भिंग बसवतात, तेव्हा अडलेला निळा परत दिसू लागतो. आई आधीही खरंच सांगत होती. म्हणून घरात वडीलधारी माणसं असतील, तर रंग निवडताना त्यांना जवळ बसवा, आणि त्यांना वेगळं दिसत असेल तर ते ऐका.

डोळा शेजारच्या रंगामुळेही बदलतो. 19व्या शतकात पॅरिसच्या गोब्लँ या प्रसिद्ध विणकामशाळेत शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचं काम पाहत. काळे धागे पुरेसे काळे दिसत नाहीत, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. धागे तपासल्यावर रंगाई चोख निघाली. दोष होता शेजारी विणलेल्या रंगांचा. तुमच्या खोलीत हे काम फरशी करते. कोटा फरशी हिरवट असते. तिच्यापुढे किंचित गुलाबी बदामी आणखी गुलाबी दिसतो. पिवळट टाइल असेल, तर थंड राखाडी भिंत आणखी निळी. फरशी, सोफा, लाकडी दारं आपण काही दरवर्षी बदलत नाही. रंग त्यांच्या सोबतीने निवडावा.

म्हणून जुन्या रंगाच्या भिंतीवर मधोमध पॅच मारून बघणं मला पटत नाही. भोवतालचा जुना रंग डोळ्याला चकवतो. त्याऐवजी लहानात लहान डबा आणा आणि मोठ्या जाड पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात द्या. कडेला बोटभर पांढरं सोडा. पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग, ओलं असताना फिकट असतं आणि वाळल्यावर गडद होतं. चुन्याचं उलट, तो वाळता वाळता पांढरा होतो. मग ते कार्ड उभं धरा, भिंतीवर असतं तसं. टेबलावर आडवं ठेवून नको, तिथे उजेड वेगळा पडतो. खिडकीजवळ, कोपऱ्यात, सोफ्याच्या मागे, असं दोन दिवस फिरवा. खिडकीबाहेर आंब्याचं झाड असेल, तर पानांवरून येणारा हिरवा उजेडही त्यात दिसेल. आणि दोन शेडमध्ये मन अडकलंच, तर थोडी फिकट घ्या. चारही भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि रंग कार्डापेक्षा गडद भासतो.

रात्रीचं मात्र विसरू नका. आपण घरात जागे असतो, त्यातला मोठा वेळ दिव्याखाली जातो. एलईडीच्या खोक्यावर आकडा असतो. 2700 किंवा 3000 केल्व्हिन म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे निळसर पांढरा. दिवे बदलायचे असतील, तर आधी ते बदला आणि मग रंग ठरवा.

आमच्या हॉलला पुढच्या वर्षी परत रंग लागला. या वेळी सहा कार्डं केली. आईचे दोन्ही डोळे आता झाले होते. आम्ही दोघींनी ती सकाळी बघितली, दुपारी बघितली, आणि रात्री दिवा लावून बघितली. शेवटी उरला तो किंचित पिवळट पांढरा, दुकानात मी ज्याच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. त्या कार्डाच्या मागे शेडचा नंबर, बेस आणि मॅट फिनिश असं लिहून ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. टच-अपची वेळ आली, की रंगारीमामांना तेच काढून देते.

नमस्कार.