अ‍ॅक्यूट म्हणजे गंभीर नव्हे

नमस्कार. वैद्यकीय शब्दांच्या शेपट्यांवर मागच्या व्हिडिओत बोललो होतो: ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणे, ‘ऑटॉमी’ म्हणजे नुसता छेद. ते झाले. त्याखालच्या प्रतिक्रियांत मात्र एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: “रिपोर्टवर अ‍ॅक्यूट लिहिले आहे, म्हणजे आजार फार वाढला का?”

नाही. अ‍ॅक्यूट हा शब्द आजार एकाएकी सुरू झाला, एवढेच सांगतो. हृदयविकाराचा झटका अ‍ॅक्यूट असतो आणि दोन दिवसांची सर्दीही अ‍ॅक्यूटच असते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टोकदार असा आहे. भूमितीतल्या लघुकोनालाही इंग्रजीत हेच विशेषण लागते, आणि लघुकोनाला गंभीर कोन असे अजून कोणी म्हटलेले नाही.

अर्धा दोष भाषांतराचा आहे. मराठी पुस्तकांत अ‍ॅक्यूटला ‘तीव्र’ म्हणतात, आणि तीव्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अतिदक्षता विभाग उभा राहतो. अ‍ॅक्यूट म्हणजे तीव्रच, असा शब्दकोशाचा दाखला देऊन एका प्रेक्षकाने मला चूक ठरवले आहे. शब्द कोशात आहे, हे मला मान्य आहे. घाबरलेल्या नातेवाइकाला त्यातून काय ऐकू येते, हा माझा मुद्दा आहे.

आता उलट बाजू पाहा. क्रॉनिक हा शब्द काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. मूत्रपिंडाचा बिघाड ३ महिन्यांहून अधिक टिकला, की त्याला क्रॉनिक म्हणतात. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी मामांचा ‘अ‍ॅक्यूट गॅस्ट्रायटिस’ (जठराचा दाह) वाचून मामींनी दोन दिवस अन्न टाकले होते. त्याच वेळी आजोबांचा ‘क्रॉनिक किडनी डिसीज’ लिहिलेला कागद, “जुनाटच आहे, वयोमानाने असायचेच,” असे म्हणून पिशवीत घालून खिळ्याला अडकवलेला होता. काळजी नेमकी उलट्या माणसाची चालली होती.

अजूनही पटत नसेल, तर आपल्या विदर्भात घरोघरी ठाऊक असलेला सिकलसेल घ्या. हा आजार जन्मापासूनचा, म्हणून क्रॉनिक. परंतु विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून हाडांत अचानक कळा सुरू होतात, तेव्हा त्याच रुग्णाच्या कागदावर अ‍ॅक्यूटही लिहिले जाते. कळा किती जोराच्या आहेत, हे सांगायला माइल्ड (सौम्य), मॉडरेट (मध्यम) आणि सिव्हिअर (गंभीर) हे वेगळे शब्द आहेत. रिपोर्ट हातात आल्यावर यांपैकी कोणता शब्द लिहिला आहे ते शोधा, आणि एकही नसेल तर डॉक्टरांना तेवढेच विचारा.