पहिला वापरकर्ता

[दृश्य : पडद्यावर एका लेखाचा खर्डा. एक ओळ पिवळी केलेली. उजव्या समासात टिपणं उमटत जातात.]

“त्यानंतर सर्व नोंदी नव्या प्रणालीत स्थलांतरित करण्यात आल्या.”

ग्रंथालय-तंत्रज्ञानाच्या नियतकालिकाकडे येणाऱ्या खर्ड्यांत असं एखादं वाक्य हमखास सापडतं. व्याकरण बरोबर, शुद्धलेखन ठीक. मुद्रितशोधक ते वाचून पुढे निघून जाईल. संपादक मात्र इथेच थांबतो आणि समासात विचारतो : किती नोंदी? कोणत्या साधनानं? एका दमात की टप्प्याटप्प्यानं? ज्या नोंदी गेल्याच नाहीत, त्यांचं काय केलंत?

लेखकाचं कित्येक महिन्यांचं काम या एका ओळीत गडप झालेलं असतं. त्याच्या लेखी तो विषय संपला. पण त्याच वाटेवर उभा असलेला दुसरा ग्रंथपाल हा लेख उघडेल, तो नेमका त्या ओळीत दडलेल्या गोष्टींसाठी.

[दृश्य : जुन्या छापील अंकांची मुखपृष्ठं, मग वेबवरचे अंक.]

या क्षेत्रातली नियतकालिकं संगणकाबरोबरच वाढली. ‘जर्नल ऑफ लायब्ररी ऑटोमेशन’ अमेरिकेत १९६८ साली निघालं. त्याचे पहिले संपादक होते फ्रेडरिक किल्गोर, म्हणजे ओसीएलसी ही ग्रंथालयांची सामायिक तालिका उभी करणारे गृहस्थ. १९८२ मध्ये त्याचं नाव ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अँड लायब्ररीज’ झालं. २०१२ पासून ते फक्त ऑनलाइन निघतं आणि कुणालाही मोफत वाचता येतं. ‘डी-लिब मॅगझिन’ १९९५ मध्ये थेट वेबवरच जन्मलं आणि २०१७ मध्ये थांबलं. डिसेंबर २००७ मध्ये ‘कोडफॉरलिब जर्नल’चा पहिला अंक आला. ते चालवणारे बहुतेक जण स्वतः ग्रंथालयांत कोड लिहिणारे, सर्व्हर सांभाळणारे. नोकरी करून उरलेल्या वेळात, बिनपगारी. लेखकाकडून पैसे घेत नाहीत, वाचकाकडूनही नाहीत.

असं नियतकालिक टिकतं याचं एक साधं कारण आहे. जगभरातल्या ग्रंथालयांचा डेटा बराचसा एकाच घडणीचा असतो. हेन्रिएट अ‍ॅव्रम यांनी १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘मार्क’ हा पुस्तकांच्या नोंदींचा, यंत्राला वाचता येणारा आराखडा घडवला. तो आजही चालू आहे, आणि त्याच्या खोडीही चालू आहेत. त्यामुळे एका ठिकाणी सुटलेला गुंता दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा उपयोगी पडतो. अट एवढीच, की तो कसा सुटला हे कुणीतरी नीट लिहून ठेवलेलं हवं.

[दृश्य : प्रस्तावांची यादी. प्रत्येकापुढे संपादक मंडळाची मतं.]

लेखाची सुरुवात बहुधा प्रस्तावानं होते. काही परिच्छेदांचा गोषवारा : काय केलं, का केलं, वाचकाच्या हाती काय लागेल. मंडळ तो वाचतं, आपसांत वाद घालतं, मत देतं.

नाकारले जाणारे प्रस्ताव वाईटच असतात असं नाही. काही फार लवकर आलेले असतात. प्रकल्प पुढच्या महिन्यात सुरू होणार आणि लेखात त्याचे फायदे आधीच सांगून झालेले! काही प्रस्ताव म्हणजे एखाद्या उत्पादनाची जाहिरातच. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातली विशेषणं तशीच उतरलेली. आणि एक प्रकार नाकारताना मंडळाचाही जीव वरखाली होतो : काम खरं, कष्ट खरे, पण सगळं त्या एकाच संस्थेच्या रचनेला इतकं चिकटलेलं की बाहेरच्याला उचलण्यासारखं काही उरत नाही. अशा वेळी चांगला संपादक नुसता नकार कळवत नाही. तो सुचवतो : तुमच्या या सात पायऱ्यांपैकी तिसरी सगळ्यांच्या कामाची आहे, लेख तिच्यावरच लिहा ना.

निवड झाली की पुढे वाटा फुटतात. काही नियतकालिकांत दोन्ही बाजूंनी नावं झाकून समीक्षा होते. लेखक कोण हे समीक्षकाला ठाऊक नसतं, समीक्षक कोण हे लेखकाला. दुसरीकडे मंडळातलाच एक संपादक लेखकाबरोबर उघडपणे बसतो आणि छापेपर्यंत सोबत राहतो. संशोधनाचा दावा असेल, पाहणी असेल, आकडेवारीवरून निष्कर्ष काढलेला असेल, तर झाकलेल्या नावांची समीक्षा हवीच. पण ‘आम्ही हे असं बांधलं’ या जातीच्या लेखात नाव झाकायचं कसं? प्रणालीचं नाव, संकेतस्थळाचा पत्ता, कोडची जागा, सगळंच लेखकाचं नाव ओरडून सांगत असतं. ते खोडावं तर लेखच पुसला जातो. अशा लेखांना उघड संपादनच जास्त मानवतं. झाकल्या नावाचा समीक्षक ‘तपशील अपुरे’ एवढा शेरा मारून मोकळा होऊ शकतो. उघड संपादकाला ते तपशील लेखकाकडून काढून घ्यावे लागतात.

[दृश्य : एक मार्क नोंद, अगदी कच्च्या स्वरूपात. सुरुवातीचे ५ अंक ठळक होतात.]

हे काढून घेणं म्हणजे काय, ते एका उदाहरणातून पाहू. समजा लेखकानं लिहिलंय, “काही नोंदींमध्ये अक्षरांची अडचण आली, ती दूर केली.”

संपादक विचारतो, अडचण कुठली? कारण इथे निदान तीन वेगवेगळे आजार संभवतात.

मार्क नोंदीच्या अगदी सुरुवातीला ५ अंकी जागेत त्या नोंदीची लांबी लिहिलेली असते. जागा ५ अंकांचीच, म्हणून नोंद ९९,९९९ बाइटांपेक्षा मोठी होऊ शकत नाही. आणि ही लांबी मोजायची बाइटांत, अक्षरांत नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या संगणकी पद्धतीत इंग्रजी अक्षर १ बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट. कुणी स्क्रिप्ट लिहिताना अक्षरं मोजली, तर इंग्रजी नोंदी बिनतक्रार पार होतात आणि देवनागरी नोंदींची लांबी चुकते. चाचणीला फक्त इंग्रजी पुस्तकं घेतली असतील तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा आजार जुन्या ‘मार्क-८’ लिपिसंचाचा. त्यात स्वरावरचं चिन्ह आधी येतं आणि मूळ अक्षर नंतर. युनिकोड या आजच्या, सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या संचात बरोबर उलट : अक्षर आधी, चिन्ह नंतर. रूपांतर करताना हा क्रम फिरवला नाही, तर फ्रेंच, व्हिएतनामी नावांवरची चिन्हं शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. तिसरा आजार सगळ्यांत कपटी. नोंदीच्या शीर्षभागात एक खूण असते. तिथे ‘ए’ हे अक्षर असेल तर मजकूर युनिकोड, रिकामी असेल तर मार्क-८. खूण एक सांगते आणि आत मजकूर भलताच, अशी नोंद यंत्राला धड दिसते आणि माणसाला कचरा.

तिन्हींवरचे उपाय वेगळे. “अडचण दूर केली” वाचणाऱ्याला यातलं काय कळलं? संपादक विचारतो तेव्हा कुठे लेखक जुन्या नोंदवह्या, ईमेल धुंडाळतो आणि दोन दिवसांनी पान-दीड पान मजकूर पाठवतो. पुष्कळदा लेखातलं सगळ्यांत उपयोगी पान तेच असतं.

या कामासाठी संपादकाला त्या विषयातला पंडित असावं लागत नाही. थोडं कमी जाणणारा असला तर उलट बरंच. तो लेखाचा पहिला वापरकर्ता असतो. लेख समोर ठेवून हे मला करता येईल का, असं तो बघतो. जिथे अडतो तिथे विचारतो. लेखकाच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला हे प्रश्न पडणारच नाहीत. त्याला सगळं आधीच माहीत असतं.

[दृश्य : खर्ड्यातला एक परिच्छेद खोडलेला, शेजारी संपादकाची टीप : “हा परत आणता येईल का?”]

फसलेल्या प्रयत्नांबद्दल लिहायला लेखक सहसा तयार नसतात, आणि त्यात त्यांचा दोष फारसा नाही. वरिष्ठ लेख वाचणार असतात. विक्रेत्याबरोबरचा करार अजून चालू असतो. म्हणून पहिल्या खर्ड्यात सगळं कसं सरळ रेषेत गेलेलं दिसतं : गरज जाणवली, साधन निवडलं, काम झालं. त्याआधी दोन साधनं आणून टाकून दिली होती, हे बोलता बोलता कळतं. ती का टाकली हे लिहून घेण्यासाठी संपादकाला चार-चार वेळा गोडीनं मागे लागावं लागतं. नावं टाळून, आरोप न करता, फक्त तांत्रिक कारण मांडलं तर वरिष्ठांची हरकत बहुधा राहत नाही.

काही गोष्टी मात्र संपादकाला उलट काढून टाकायला लावाव्या लागतात. स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात वाचकाचं नाव आणि त्यानं नेलेल्या पुस्तकांची यादी दिसतेय. नमुन्यादाखल दिलेल्या फाइलमध्ये खरे सदस्य क्रमांक आहेत. कोण काय वाचतं हे गुपित राखणं ग्रंथपालाच्या धर्मातच येतं, आणि लेखात ते निव्वळ अनवधानानं फुटू शकतं. चित्र धूसर करून भागत नाही. खोटा सदस्य तयार करून चित्र नव्यानं घेणं बरं. कोडमध्ये पासवर्ड किंवा गुप्त किल्ली राहिली असेल तर ती ओळ पुसूनही उपयोग नाही, कारण कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनाच्या इतिहासात ती जशीच्या तशी शाबूत असते. किल्ली रद्द करून नवी घ्यावी लागते. हे संपादकानं प्रसिद्धीपूर्वी पाहायचं. नंतर पाहणारे वेगळे असतात!

[दृश्य : कोडची एक ओळ. सरळ अवतरणचिन्हं वळतात. खाली लाल अक्षरांत त्रुटीसंदेश.]

कोडचं संपादन हा स्वतंत्रच ताप आहे. लेखक खर्डा लिहितो शब्दलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते सॉफ्टवेअर शहाणपणा करतं आणि सरळ अवतरणचिन्हं वळणदार करून टाकतं, दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतं. छापल्यावर दिसतं देखणं. वाचक ओळ उचलून आपल्या संगणकावर चालवतो आणि ती आपटते. म्हणून छपाईआधी प्रत्येक तुकडा पानावरून उचलून चालवून बघायचा, डोळ्यांवर विसंबायचं नाही. कोडचं चित्र तर नकोच. ते उचलता येत नाही, शोधता येत नाही, आणि पडदावाचक वापरणाऱ्या अंध वाचकाच्या दृष्टीनं ते नसल्यात जमा. इतर चित्रांना पर्यायी मजकूर द्यायचा, त्यातही “आकृती २” एवढंच लिहून चालत नाही. आकृती काय सांगते ते लिहायचं.

मोठा कोड लेखात मावत नाही, मग दुवा देतात. आणि दुवे मरतात. गूगल कोड ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. तिच्याकडे बोट दाखवणारे लेख तसेच राहिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात विज्ञान, तंत्रज्ञान आणि वैद्यकातल्या दर पाचातल्या एका लेखाला संदर्भ कुजण्याची, म्हणजे दुवे मरण्याची किंवा त्यांमागचा मजकूर बदलण्याची, बाधा झालेली आढळली होती. दस्तऐवज जपणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या नियतकालिकात तरी हे व्हायला नको. यावर उपाय आहेत. कामाची जागा गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर असू द्या, पण लेखात वापरलेली नेमकी आवृत्ती झेनोडोमध्ये ठेवून तिचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-क्रमांक, द्या. झेनोडो म्हणजे सर्न ही युरोपातली भौतिकशास्त्राची संशोधनसंस्था आणि ओपनएअर हा मुक्त संशोधनाचा प्रकल्प यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं भांडार. २०१६ पासून सॉफ्टवेअर हेरिटेजही उघडा कोड गोळा करून जपतंय. लेखकाची त्यात अर्ध्या तासाची मेहनत जाते. तरी टाळाटाळ होते, हे खरं.

आता नवा पाहुणा आलाय : यंत्रानं लिहिलेला मजकूर. प्रकाशन-नीतीची समिती ‘कोप’ हिनं २०२३ च्या फेब्रुवारीत भूमिका स्पष्ट केली, की असं साधन लेखक म्हणून लावता येणार नाही, कारण लेखाची जबाबदारी ते घेऊ शकत नाही. वापर केला असेल तर तो सांगायचा. संपादकाच्या रोजच्या कामात याचा अर्थ एवढाच, की संदर्भयादीतला प्रत्येक संदर्भ उघडून पाहायचा. अस्तित्वातच नसलेला लेख, खरा भासणारा अंक, पृष्ठांक. निदान ग्रंथपालांना तरी असा संदर्भ पकडायला शिकवावं लागत नाही.

भाषेवर कात्री चालते ती सगळ्यांत शेवटी, आणि जपून. पुष्कळ लेखक पहिल्यांदाच लिहीत असतात, परक्या भाषेत लिहीत असतात. वाक्य ओबडधोबड असलं तरी अर्थ स्वच्छ असेल तर ते राहू द्यावं. सगळे लेख एकाच हाताचे वाटू लागले, तर समजावं की संपादकाचा हात जड झालाय.

[दृश्य : प्रसिद्ध झालेला लेख. तळाशी तारीख घातलेली दुरुस्तीची टीप.]

लेख प्रसिद्ध होतो आणि काही दिवसांत वाचकाचं पत्र येतं : चौथ्या पायरीवरची आज्ञा चालत नाही. ती पहिल्यापासून चुकीची होती असं निघालं, तर दुरुस्ती करायची आणि तळाशी तारखेसह नोंद ठेवायची. गुपचूप बदल केला, तर ज्यांनी आधीच्या मजकुराचा हवाला दिलाय त्यांच्या पायाखालची जमीन सरकते. पण आज्ञा तेव्हा बरोबर होती आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आल्यामुळे बिघडली असेल, तर लेखाला हात लावायचा नाही. लेखात आवृत्तीचा क्रमांक आहे, तारीख आहे. तो त्या दिवसाचा आहे. नव्या आवृत्तीवर काय करावं लागतं हे त्या वाचकाला एव्हाना कळलेलं असतं. संपादक त्याला प्रस्ताव पाठवायला सांगतो.