रायझाचा गंज आणि तिची गँग

झाड एकच आहे. त्याला काठी हाणली तर एक वस्तू पडते, विळा मारला तर दुसरी, कुऱ्हाड घातली तर तिसरी. पोरगी तीच, झाड तेच, फक्त हातातलं हत्यार बदललं. राजेहो, हे ऐकून ज्याला "मग काय झालं?" असं वाटलं त्याने हा व्हिडिओ इथेच सोडला तरी माझी हरकत नाही. ज्याच्या मनात आलं, "थांब, विळ्याने काय पडतं?", त्याने बसून घ्या. हा गेम तुमचा आहे.

(पडद्यावर: रायझा झाडासमोर उभी, हातात विळा)

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून बोलून राहिली मी. मागे जी घरघर येऊन राहिली तो कूलर आहे. मे महिना आहे, तो बंद होणार नाही. तक्रार असेल तर उन्हाकडे करा.

गेमचं नाव 'अटेलिए रायझा: एव्हर डार्कनेस अँड द सीक्रेट हाइडआउट'. एवढं कोणी म्हणत नाही, आपण नुसतं रायझा म्हणू. आला 2019 मध्ये. बनवला गस्टने. ही जपानच्या नागानोमधली कंपनी, 1993 पासूनची, आता कोई टेक्मो या मोठ्या गेम कंपनीकडे आहे. किमयेवरची त्यांची ही मालिका 1997 मध्ये प्लेस्टेशनवर सुरू झाली, आणि तेव्हापासून त्यांचा एक हट्ट टिकून आहे: बहुतेक वेळा मुख्य पात्र एक पोरगी, आणि तिची खरी ताकद तलवारीत नाही, भांड्यात. भलंमोठं भांडं, आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला चुलीवर चढवतात तेवढा गंज. त्यात रानातलं काहीबाही टाकायचं, ढवळायचं, आणि औषध, बॉम्ब, कापड, लोखंड, जे हवं ते काढायचं.

किमया म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला नागार्जुन आठवतो. रामटेककडे त्याच्या नावाची टेकडी दाखवतात. जुने रसवैद्य पाऱ्यात गंधक टाकून खलत, त्याची काळीकुट्ट कज्जली होई आणि तिथून पुढची औषधं. रसशाळा कुठे बांधावी, तिथे कोणती भांडी असावीत, इथपर्यंत त्यांच्या ग्रंथांत लिहिलेलं आहे. रायझाच्या गेममध्ये यातलं काही नाही. तिथली किमया युरोपी वळणाची आहे, नावं जर्मन धाटणीची आहेत. पण खलणं, निवडणं, कशात काय मिसळलं की काय होतं याचा नाद, तो मात्र तोच. आणि हो, पारा घरी खलू नका. गेम आहे ना, तिथे करा.

आता गोष्ट. कुर्केन नावाचं बेट आहे, त्यावरच्या गावात रायझा राहते. वय 17. बाप शेतकरी, मन लावून शेती करणारा, आणि पोरीने वावरात यावं एवढीच त्याची अपेक्षा. पोरीला वावर सोडून सगळं पाहिजे. "इथं काहीच होत नाही" हे तिचं मुख्य दुखणं. यावर मी जास्त बोलत नाही, तुमच्यापैकी निम्म्यांनी हे वाक्य बसस्टँडवर बसून म्हटलेलं आहे. तिचे दोन लहानपणचे दोस्त. लेंट, अंगाने दांडगा, तलवार चालवतो. त्याचा बाप एके काळचा लढवय्या, आता दारू पिऊन पडलेला असतो. आमच्या जिल्ह्यात कागदावर दारूबंदी आहे, त्यामुळे लेंटचा बाप आम्हाला जरा जास्तच ओळखीचा वाटतो. दुसरा ताओ, चष्मेवाला, घाबरट, घरातली जुनी पुस्तकं घेऊन बसणारा. त्या पुस्तकांची लिपी गावात कोणाला वाचता येत नाही, त्यालाही नाही, तरी सोडत नाही.

हे तिघं एक दिवस घरी न सांगता नावेत बसून पलीकडच्या किनाऱ्यावर जातात. तिथे क्लॉडिया भेटते, व्यापाऱ्याची मुलगी. राक्षसी जनावर अंगावर येतं, आणि एम्पेल आणि लिला नावाचे दोन परके प्रवासी येऊन पोरांना वाचवतात. एम्पेल किमयागार निघतो. त्याने केलेली किमया रायझा पाहते आणि तिथून तिचं डोकं फिरतं. पुढे दोस्त मिळून जंगलात एक गुप्त झोपडं उभारतात, तेच नावातलं 'सीक्रेट हाइडआउट'. गोष्टीत पुढे काय उलगडतं ते मी सांगणार नाही. फक्त बेटाकडे नीट बघत राहा.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पाण्याची. गावातल्या पाण्यावर ब्रुनेन घराण्याचा ताबा आहे. गावात त्यांचं का चालतं? पाणी त्यांचं म्हणून. त्या घरचा पोरगा, नावच त्याचं बॉस, आपल्या टोळक्यासोबत रायझाला चिडवत फिरतो, आणि मोठी माणसं त्याला फारसं काही म्हणत नाहीत, कारण त्याच्या बापाशी वाकडं घेणं परवडत नाही. परदेशातले खेळाडू हा भाग 'बरं, गावचा श्रीमंत' म्हणून पुढे ढकलत असतील. आपल्याकडे विहीर कोणाच्या वावरात आहे यावर गावात कोणाचं तोंड चालतं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. मला वाटतं या गेमचं सगळ्यात चांगलं लिखाण इथे आहे, जगाच्या नाशाबिशाच्या भागात नाही. आणि बॉस हा नुसता खलनायक राहत नाही, हे लिहिणाऱ्यांचं कौतुक.

(पडद्यावर: टोपली, वस्तूंची यादी)

आता कामाचं. लोक हा गेम सुरू करतात, तासाभरात किमयेचा पडदा उघडतो, सगळीकडे गोल गोल कडी दिसतात, इंग्रजी मजकूर दिसतो, आणि लोक घाबरून 'आपोआप भरा'चं बटण दाबतात. तिथेच गेम मेला. तो गोलांचा पडदाच तर गेम आहे! चला, एक वस्तू करू.

वस्तूचं नाव 'क्राफ्ट'. सुरुवातीचा साधा बॉम्ब. त्याला मुख्य लागतं 'युनी', म्हणजे झाडाखाली पडलेलं काटेरी गोल फळ. तुम्ही युनी वेचली, टोपलीत टाकली, गंजापाशी आलात. पडद्यावर कडी दिसतात, एकाला दुसरं जोडलेलं. याला मटेरियल लूप म्हणतात. एखाद्या कड्यावर लिहिलेलं असतं की इथे अमुकच वस्तू पाहिजे. एखाद्यावर नुसती जात असते, वनस्पती, दगड, पूड, तिथे त्या जातीचं काहीही चालतं. इथपर्यंत सोपं आहे.

गंमत पुढे आहे. प्रत्येक वस्तूच्या अंगी तत्त्व असतं: आग, बर्फ, वीज, वारा. कोणाच्या अंगी एक, कोणाच्या दोन, कोणाच्या जास्त जोराचं. कड्याला आग हवी असेल आणि तुम्ही बर्फाची वस्तू टाकली, तर वस्तू गेली आणि कडं उपाशीच. बरोबर तत्त्वाची टाकली की कडं भरत जातं. भरलं की वस्तूला एक नवा परिणाम जोडला जातो, म्हणजे बॉम्ब जास्त जोरात फुटतो किंवा आणखी काही करतो. आणि त्या कड्यातून पुढच्या कड्याची वाट उघडते.

मग सगळीच कडी का भरू नयेत? कारण किती वस्तू टाकता येतील याला मर्यादा आहे, आणि ती किमयेची पातळी वाढेल तशी हळूहळू वाढते. समजा आत्ता पाचच टाकता येतात. दोन पहिल्या कड्यात गेल्या, तीन उरल्या. डावीकडे जाऊन जोर वाढवायचा की उजवीकडे जाऊन वेगळा परिणाम काढायचा? इथे तुम्ही टोपली उपसायला लागता. आगीचे दोन गुण असलेली एक वस्तू मिळाली, तर दोन साध्या वस्तूंचं काम एकीतच होतं आणि एक जागा वाचते. आणि ती एक वाचलेली जागा म्हणजे कधीकधी अख्खं नवं कडं. त्या एका वस्तूसाठी आपण उठतो आणि परत रानात जातो. ती कुठे मिळाली होती? त्या ओढ्याच्या कडेला. कशाने? बहुतेक हातोड्याने. की जाळ्याने? जा आता, दोन्ही हाणून बघ.

वस्तूला दर्जाही असतो, 999 पर्यंत जातो. अंगचे गुणही असतात, ते वेचलेल्या वस्तूतून तयार वस्तूत उतरवता येतात. पहिल्या काही तासांत या दोन्हींकडे बघू नका, कडी समजली की ते आपसूक समजतं. पण एक कडं असं असतं जे भरलं की वस्तूच पालटते. तुम्ही करायला गेलात एक, आणि हातात दुसऱ्याच वस्तूची कृती पडते. गेममध्ये नवीन बरंच काही असं सापडतं: विकत घेऊन नाही, राक्षस मारून नाही, गंजात थोडं पुढे ढकलून. पहिल्यांदा असं झालं ना, तेव्हा मी कानातले हेडफोन काढून घरात सांगत सुटली.

आई तेव्हा मागे तूर निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय वं, दिवसभर ते पोट्टी झाडालेच झोडपून राह्यली. मारामारी नाही का त्याच्यात?" मी म्हटलं, "आहे ना, पण आधी वेचावं लागते." तर म्हणते, "मंग वावरात ये माया संगं, तिथंबी वेचाचंच हाय." याला उत्तर नव्हतं. सुपातले खडे काढू लागली मी तिला.

मारामारी आहे, आणि सुरुवातीला गोंधळ वाटते, कारण कोणी आपल्या पाळीची वाट बघत नाही, घड्याळ चालूच असतं. एका वेळी तिघं लढतात. तुम्ही एकाला चालवता, बाकीचे दोघं आपापलं चालू ठेवतात आणि मधूनच ओरडून मागणी करतात. लेंट म्हणेल, वस्तू वापर. क्लॉडिया म्हणेल, अमुक तऱ्हेचा हल्ला कर. ती मागणी पुरी केली की तो दोस्त पुढे होऊन सणसणीत वार करतो. दोस्ती गोष्टीत सगळेच दाखवतात, कट्ट्यावर बसून गप्पा मारणारे चार जण काढले की झालं. इथे ती लढाईच्या नियमात आहे. दोस्ताचं ऐकलं नाही तर लढाई लांबते, एवढं साधं. मला हे फार आवडलं.

आणि तुमचा बॉम्ब फुटला म्हणून संपत नाही. वस्तू वापरली की तिचं मोल एका ठरावीक साठ्यातून वजा होतं, वस्तू तुमच्याजवळच राहते. त्यामुळे एक बॉम्ब जीव ओतून केला, तर तो पुढे कितीतरी लढाया चालतो. म्हणून म्हणते, पातळी वाढवायला तेच ते राक्षस मारत बसू नका. अडकलात तर गंजापाशी जा. अवजड शत्रू चार पातळ्यांनी नाही, एका चांगल्या बॉम्बने पडतो.

तक्रारीही आहेत. आवाज जपानी, मजकूर इंग्रजी, हिंदी-मराठीचं नाव नाही, आणि बोलणं भरपूर. घरातल्या लहान पोट्ट्यांना द्यायचा असेल तर शेजारी बसून वाचून दाखवावं लागेल. सुरुवात लय सावकाश आहे. आणि रायझाचे कपडे! अर्धी चड्डी घालून ही पोरगी झुडपात घुसते, हिला कोणी गोखरू दाखवलेला दिसत नाही. कॅमेराही कधीकधी जिथे फिरू नये तिथे फिरतो, ते मला पटलं नाही.

पण निवांतपणा खरा आहे. रायझात दिवस मोजत नाहीत. या मालिकेचे बरेच जुने गेम असे नव्हते. पहिल्या गेममधली मारी अकादमीतली सगळ्यात ढ विद्यार्थिनी, तिला बाई एक कार्यशाळा देतात आणि सांगतात, 5 वर्षांत काहीतरी चांगलं करून दाखव. वेळ संपली की संपली. 2023 मध्ये तो नव्याने काढला, त्यात वेळेचं बंधन नसलेला प्रकारही दिलाय, त्यामुळे आता तो आरामात खेळता येतो.

रायझा आवडला तर त्याच गँगचे आणखी दोन भाग आहेत. दुसऱ्यात ती बेट सोडून राजधानीत जाते आणि जुने अवशेष धुंडाळते. तिसरा 2023 चा, त्यात दोस्तमंडळ खूप मोठं होतं. क्रमानेच खेळा, मधून घुसलात तर ताओ ओळखू येणार नाही, एवढा उंच झालाय तो. याच मालिकेतला, 2025 मध्ये आलेला युमिया वेगळ्या वळणाचा आहे. त्यात किमयेवर बंदी असलेलं जग आहे आणि धावपळ जास्त. कूलरसमोर पडून खेळायला मला रायझाच बरा वाटतो.

आणि कोणाला मुद्दाम डोक्यावर घड्याळ पाहिजे असेल, तर याच मालिकेतला 2009 चा रोरोना घ्या. 3 वर्षं, 12 कामं, दर कामाला 3 महिने, चुकलं तर कार्यशाळेला कुलूप. चांगला गेम आहे. बारावीच्या वर्षात घेऊ नका.