५२ वजा २७

कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यातली एक द्विशिक्षकी शाळा. बाहेर पावसाची झड. तिसरीतल्या एका मुलीनं ५२ मधून २७ वजा केलेत आणि उत्तर लिहिलंय ३५. बाईंनी लाल पेन उचललं, आणि तसाच हात थांबवला.

दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलीनं सातातून दोन घालवले. म्हणजे वजाबाकी तिला येते. दशकाचा गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या करायच्या, हे मात्र तिनं हातानं कधी केलेलं नाही.

हे बाईंना कुणाशी तरी बोलायचंय. प्रशिक्षणं त्यांनी पुष्कळ केली. तालुक्याला जाऊन केली, दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर व्हिडिओ बघून केली. काही खरंच चांगली होती, असं त्या आवर्जून सांगतात. पण त्या प्रशिक्षणाला गेल्या की चारही वर्ग एकट्या गुरुजींवर पडतात. आणि ही वही तिथं कुणी उघडायला सांगितली नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यायचे आहेत. आम्हाला काळजी वाटते ती याची, की तास मोजणं सोपं आहे, म्हणून तेवढेच मोजले जातील.

शिक्षकांनी एकमेकांशी बोलण्याची वाट याच जिल्ह्यातून निघाली होती. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, जन्म १९०७ चा. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा. पुढं ते देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. १९६६ च्या त्या अहवालात शाळा संकुलाची कल्पना आहे: जवळपासच्या शाळा एकमेकींना जोडायच्या, म्हणजे आडगावचा शिक्षक एकटा पडणार नाही. आसपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र; त्याची आपली केंद्रशाळा याच कल्पनेच्या नात्यातली. केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषदही आहे. पण परिपत्रकं आणि माहितीचे तक्ते यांतच तिचा दिवस अनेकदा सरतो.

बाईंच्या केंद्रानं यंदा एक ठरवलं. परिषदेला येताना प्रत्येकानं चुकलेल्या उत्तराची एक वही आणायची. बाईंनी ३५ वालं पान उघडलं. शेजारच्या वाडीचे गुरुजी म्हणाले, "माझ्याकडं असली चार पोरं आहेत." मग काड्या निघाल्या, रबर निघाले, आणि मोठी माणसं तासभर जमिनीवर बसून गठ्ठे सोडत राहिली.

उठताना पुढच्या महिन्याचा प्रश्न फळ्यावर लिहिला गेला: चौथीची मुलं धडा घडाघडा वाचतात, मग त्याच धड्यावर स्वतःच्या दोन ओळी का लिहीत नाहीत?