पट्टी सरकवतं कोण?

(दृश्य : फायली कॉपी होताहेत. पट्टी ४३ टक्क्यांवर.)

निवेदन :
टक्के दाखवणारी पट्टी लोकांना आवडते, हे संगणक-संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ सालीच प्रयोग करून दाखवलं होतं. पट्टी हवीच. पण ती हलवायची कुणी?

जुना मार्ग सरळ होता. लूपच्या, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या कोडच्या, दर फेरीला प्रोग्रेसबारची (म्हणजे या पट्टीची) व्हॅल्यू बदलायची. अडचण थ्रेडची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या धाग्याची. कंट्रोल (पट्टी, बटण असा खिडकीतला घटक) ज्या थ्रेडवर तयार झाला, त्यानंच त्याला हात लावायचा. काम त्याच थ्रेडवर केलं की खिडकी गोठते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ झळकतं. दुसऱ्या थ्रेडवरून पट्टीला हात लावला, तर एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी चूक.

२००६मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट ३.० बरोबर खिडक्या बनवायचं डब्ल्यूपीएफ आलं आणि कामाची वाटणी बदलली. झॅमलमध्ये, म्हणजे खिडकीची मांडणी लिहायच्या भाषेत, एवढंच लिहायचं, की या पट्टीची व्हॅल्यू म्हणजे व्ह्यूमॉडेलमधली (खिडकीला माहिती पुरवणाऱ्या कोडमधली) ‘प्रगती’ ही प्रॉपर्टी. या जोडणीलाच बाइंडिंग म्हणतात.

(दृश्य : झॅमलची ती एकच ओळ, मोठी करून.)

आकडा बदलला की व्ह्यूमॉडेल ‘प्रॉपर्टीचेंज्ड’ इव्हेंट (बदल झाल्याची सूचना) उठवतं, बाइंडिंग तो ऐकतं, पट्टी सरकते. फायली कॉपी करणाऱ्या कोडला पट्टी आहे की नाही, याचा पत्ताही नसतो. बदल दुसऱ्या थ्रेडवर झाला, तरी साधा आकडा असेल तर डब्ल्यूपीएफ तो खिडकीच्या थ्रेडवर आणून देतं. यादीच्या बाबतीत मात्र असे लाड नाहीत.

एक खोच आहे. प्रोग्रेसबार आणि स्लायडर (माउसनं ओढायची पट्टी) एकाच घराण्यातले, म्हणून व्हॅल्यूचं बाइंडिंग मुळातच दुहेरी : आकडा पट्टीकडे जातो, तसा पट्टीकडून परतही लिहिता यावा लागतो. ‘प्रगती’चा सेटर (आकडा बदलणारा कोड) प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्यांना बंद, ठेवला की बाइंडिंग जुळतानाच एक्सेप्शन येतं. आता पट्टी माउसनं ओढून कॉपी थोडीच लवकर उरकणार आहे? तरीही ‘मोड वनवे’, म्हणजे बाइंडिंग एकेरी, हे आपणच लिहायचं.

२०१२च्या डॉट नेट ४.५मध्ये कामाची प्रगती कळवायला ‘आयप्रोग्रेस’ आलं. ‘प्रोग्रेस’ ऑब्जेक्ट खिडकीच्या थ्रेडवर बनवला, की तो तिथला कॉन्टेक्स्ट, म्हणजे त्या थ्रेडकडे निरोप पोचवायची वाट, धरून ठेवतो. पुढे रिपोर्ट कुठूनही करा, निरोप खिडकीच्याच रांगेत लागतो.

आणि घोटाळा त्या रांगेतच होतो. डब्ल्यूपीएफच्या डिस्पॅचरमध्ये, म्हणजे ही रांग चालवणाऱ्या भागात, या निरोपांचा मान रेखाटनाच्या आणि माउसच्या वरचा. दर फायलीमागे एक निरोप पाठवला, तर सगळं काम दुसऱ्या थ्रेडवर असूनही ‘रद्द करा’ बटण दबत नाही. इथे झॅमल काही करू शकत नाही. पूर्ण टक्का बदलला तरच रिपोर्ट करायचा, ही अट कामाच्या कोडमध्येच घालावी लागते. मग फायली १० लाख असोत, निरोप शंभराच्या आसपासच जातात.