रिकी विल्सनने काढून टाकलेल्या तारा

मित्रहो, रॉकमधल्या मोठ्या गिटारवादकांची नावं निघतात, तेव्हा बी-फिफ्टीटूज या बँडच्या रिकी विल्सनचं नाव फार कमी लोक घेतात. मला हे फार खटकतं. बँडचं नाव काढलं की लोकांना मुलींचे उंच केसांचे टोप आणि पार्टीतली धमाल आठवते. त्या धमालीखाली गिटार काय करतेय, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

हा मुलगा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सचा. विद्यापीठाचं गाव. जन्म 1953 चा. 1976 मध्ये तो, धाकटी बहीण सिंडी, शाळेपासूनचा मित्र कीथ स्ट्रिकलंड, केट पिअरसन आणि फ्रेड श्नायडर एका चायनीज रेस्टॉरंटमध्ये गेले, एकाच मोठ्या पेल्यातलं पेय पाच जणांनी प्यायले आणि तिथून उठून एका मित्राच्या घरी वाजवत बसले. पहिला कार्यक्रम 14 फेब्रुवारी 1977 ला, तोही गावातल्याच एका घरच्या पार्टीत.

आता गिटारकडे येऊ. सहा तारा असतात: जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. रिकीने त्यातली जीची तार काढूनच टाकली, आणि काही वेळा मधल्या दोन्ही. उरलेल्या तारा तो गाण्यागणिक वेगळ्या सुरांत लावायचा.

यातून काय साधलं? तुमच्यापैकी जे गिटार वाजवतात त्यांनी ई मेजर धरून बघा. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये त्या कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या मेळाचा, गांधार जीच्या तारेवर येतो. मेजर की मायनर, हे ठरवतो तो गांधारच. तीच तार नसेल, तर कॉर्ड हसरीही राहत नाही आणि उदासही, नुसती घुमते. आपल्या तानपुऱ्यावर तरी गांधाराची तार कुठे असते? चांगला जुळला की खर्जातून तो आपोआप ऐकू येतो. रिकीला तानपुरा माहीत होता, असं मी म्हणत नाही. पण ती मोकळी जागा त्याच्या कानाला हवीशी वाटली, एवढं नक्की.

दुसरं असं की या बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा कुणी नव्हता. ड्रमवर कीथ, आणि केट गाता गाता कीबोर्डवर खालचे सूर धरायची. त्यामुळे रिकी एकाच गिटारीवर दोन कामं करायचा: जाड तारांवर गाण्याचा कणा आणि बारीक तारांवर त्याला उत्तर. मधे तारच नाही, म्हणून दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत नाहीत. हात जोरात फिरवला तरी सगळं स्वच्छ ऐकू येतं. माझ्या मते ही त्या काळातली सर्वांत शहाणी गिटार आहे, आणि हे मी पूर्ण विचार करून म्हणतोय.

त्यांचं ‘रॉक लॉबस्टर’ हे गाणं 1978 मध्ये अटलांटातल्या एका छोट्या कंपनीने काढलं. पहिला अल्बम पुढच्या वर्षी. बीटल्सवाल्या जॉन लेननने 1980 मध्ये बर्म्युडात हे गाणं ऐकलं आणि त्याला पुन्हा काम करायची उमेद आली, हे त्याने स्वतः सांगितलंय.

12 ऑक्टोबर 1985 ला रिकी एड्सने गेला. 32 वर्षांचा होता. त्याच्या आजाराची गोष्ट फक्त कीथला ठाऊक होती. सख्ख्या बहिणीलाही त्याने सांगितलं नव्हतं. दहाच दिवस आधी हॉलिवूडचा नट रॉक हडसन याच आजाराने गेला होता, आणि वर्तमानपत्रांनी त्याचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. रिकी गप्प का राहिला, हे मला विचारावंसंही वाटत नाही. सिंडीला मात्र भावाला निरोप देण्याची तयारी करायला वेळच मिळाला नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

बँड थांबला. मग कीथने ड्रम सोडले आणि गिटार हातात घेतली. मित्राची ट्यूनिंग त्याने वर्षानुवर्षं शेजारी बसून पाहिली होती. 1989 च्या ‘कॉस्मिक थिंग’ या अल्बमवर गिटार त्याची आहे, आणि त्यातलं ‘लव्ह शॅक’ अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

आता ‘रॉक लॉबस्टर’ लावतो. जवळजवळ सात मिनिटांचं आहे. पहिल्यांदा फक्त जाड तारा ऐका, गाणाऱ्यांकडे नंतर वळू.