भिंत एक, पाट्या दोन

(पहाट. ओला रस्ता. दोन दिव्यांच्या पाट्या.)

अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर, लाफायेत बुलेव्हार्ड. एका पाटीवर 'अमेरिकन कोनी आयलंड', तिला खेटून दुसरीवर 'लाफायेत कोनी आयलंड'. मध्ये एकच भिंत.

(तवा, अगदी जवळून.)

दोन्हीकडे विकतात एकच गोष्ट: 'कोनी', म्हणजे चिली घातलेला हॉट डॉग. सॉसेज तव्यावर लोळवत भाजायचा. साल अशी तटतटलेली, की दात लागला की टचकन फुटते. पाव वाफेवर मऊ केलेला. त्यावर चिली, म्हणजे खिम्याचा मसालेदार रस्सा, सरसरीत, आणि राजम्याचा एक दाणाही नाही. पिवळ्या मोहरीचा एक फराटा. वर मूठभर कच्चा कांदा, बारीक चिरलेला.

(वाढप्याचा हात.)

आता हा हात बघा. ट्रे नाही. मनगटापासून कोपरापर्यंत बशांची उतरंड. लाफायेतमध्ये वाढपी असेच येतात. पाकीट-प्याले सांभाळायचं काम गिऱ्हाइकाचं!

(जुनी छायाचित्रं.)

ही गोष्ट मात्र डेट्रॉइटची नाही, ग्रीसमधल्या पेलोपोनीजची. तिथला शेतकरी काळ्या मनुकांवर जगायचा. १८९० च्या दशकात मनुकांचे भाव कोसळले. कर्ज अंगावर, घरात उजवायच्या बहिणी. तिकडेही हुंडा होताच. मग घरटी एखादा मुलगा अमेरिकेच्या बोटीत बसायचा. बूटपॉलिश करायचा, हातगाडी ढकलायचा, पैसे गावी धाडायचा. जरा बस्तान बसलं, की पुढचं तिकीट धाकट्या भावाचं.

आर्केडियातल्या दारा गावचा गस केरोस असाच आला. १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि डेट्रॉइटकडे माणसांची रीघ लागली. कारखान्यातली पाळी सुटली की त्यांना हवं गरम, स्वस्त आणि उभ्याउभ्या खाता येईल असं काहीतरी. कुटुंब सांगतं त्याप्रमाणे गसने १९१७ मध्ये 'अमेरिकन' थाटलं. मागून आलेला भाऊ विल्यम पुढे वेगळा झाला. कुठे गेला? शेजारच्या गाळ्यात, 'लाफायेत' काढून.

कोणी म्हणतं, भावाभावांत वाजलं. कोणी म्हणतं, एका दुकानात गर्दी मावेना. तिसरा शपथेवर सांगतो, भांडण चिलीच्या मसाल्यावरून. भाऊबंदकीत नेमकं कारण कधी कोणाला सापडलंय? पण रुसून गेलेला माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. हा एक भिंत ओलांडून थांबला.

(दुपार. काउंटरवर माणसांच्या पाठी.)

इथे घराणी वाटली गेली आहेत. आजोबा ज्या दारातून शिरायचे, नातूही त्याच दारातून शिरतो. चव वेगळी आहे का? आहे म्हणतात. अमेरिकनमध्ये लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांचा झगमगाट. लाफायेतमध्ये साध्या फरशा, अरुंद काउंटर आणि ते हात.

मधल्या काळात कारखाने गेले, साडेअठरा लाखांचं शहर साडेसहा लाखांच्याही खाली आलं, २०१३ मध्ये पालिकेने दिवाळखोरी पुकारली.

(संध्याकाळ. पाट्या पेटतात.)

अमेरिकन अजून गसच्या वंशजांकडे आहे. लाफायेत १९९१ मध्ये विकलं गेलं. घेतलं तिथल्याच कामगारांनी. म्हणजे भावकी तेव्हाच संपली. गिऱ्हाइकांना हे कोणी कळवलेलं दिसत नाही.

(पुन्हा तवा. निवेदन नाही.)